सव्यापसव्य

रीळ टेबलावर ठेवा. अजून उघडू नका. खाली एखादा जुना पंचा अंथरा, म्हणजे पुढे स्क्रू सुटला तर तो घरंगळत फ्रिजखाली जाणार नाही. (फ्रिजखाली गेलेल्या वस्तूंचा माझा अनुभव दांडगा आहे.) दिवा जवळ ओढून घ्या. चहा झाला असेल तर उत्तम, नसेल तर आधी चहा. पुढचा तास-दीड तास कुठे जायचं नाही, असं स्वतःला सांगून ठेवा.

माझ्यासमोर आहे ते रीळ न्यू जर्सीतल्या एका घराच्या इस्टेट सेलमध्ये मिळालं. घरातलं माणूस जातं, किंवा वृद्धाश्रमात जातं, आणि मग एका शनिवारी त्याच्या चमच्यांपासून कपाटांपर्यंत सगळ्याला चिठ्ठ्या लागतात. अनोळखी माणसं घरभर हिंडतात. मला आजही त्या घरांत शिरताना चप्पल बाहेर काढावीशी वाटते. तळघरात एका खोक्यात हे रीळ होतं, मोज्यात गुंडाळलेलं. मोजा हाताने रफू केलेला होता, म्हणून मी रिळाकडे नीट पाहिलं.

फ्लाय फिशिंगचं रीळ म्हणजे दिसायला अगदी साधी वस्तू. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी इतकी हलकी असते की ती फेकताच येत नाही, म्हणून फेकायची ती दोरी. ही दोरी जाड, वजनदार, साधारण २७ मीटर लांब. तिच्यामागे बॅकिंग नावाची बारीक विणलेली दोरी, आणि हे सगळं ज्यावर गुंडाळलेलं राहतं ते हे रीळ. पतंगाची फिरकी हातात धरलेल्या कुणालाही ते लगेच समजेल. ढील द्यायची, ढील आवरायची. फरक एवढाच की फिरकी धरायला दुसरं पोर लागतं आणि हे काठीखाली लटकतं.

आता रीळ हातात घ्या. हँडल तुमच्याकडे, आणि काठीला बसणारा लांबट पाय वरच्या बाजूला. नुसतं धरा. वजन जाणवू द्या. थंडीत धातू आधी गार लागतो आणि मिनिटभरात हाताची ऊब घेतो. तोवर काही करायचं नाही.

ऊब आली की हँडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं एक फेरा फिरवा. हळू. मग उलट दिशेनं एक फेरा.

दोन्ही फेरे सारखे नाहीत. एकीकडे बारीक, मऊ टिकटिक होते. दुसरीकडे रीळ अडतं, कुरकुरतं, बोटाला जोर लावायला लावतं. हा फरक नीट कळेपर्यंत पुन्हा पुन्हा फिरवून पाहा. डोळे मिटले तरी चालतील. रिळाचं सगळं रहस्य या दोन आवाजांमधल्या अंतरात आहे. दोरी आवरताना ते हलकं हवं, आणि मासा दोरी ओढून नेत असताना जड. जड नसेल तर मासा थांबला तरी रीळ आपल्या वेगानं फिरतच राहतं, दोरी बाहेर जायला जागा नसते, आणि आतल्या आत तिचा गुंता होतो. म्हणजे घेताना सोपं, देताना अवघड. माणसाच्या बाबतीत आपण याला कंजूषपणा म्हणतो. रिळाच्या बाबतीत हीच त्याची नीती.

माझं रीळ घड्याळाच्या दिशेनं हलकं फिरलं. याचा अर्थ ते उजव्या हातानं गुंडाळण्यासाठी लावलेलं होतं. मी उजव्या हातानं काठी धरतो आणि डाव्यानं रीळ फिरवतो. मला ते उलटं हवं होतं.

इथे थांबू या, कारण मी इथेच थांबलो होतो.

उजव्या हातानं रीळ फिरवणारा तो माणूस कोण असेल? पटकन उत्तर येतं, की तो डावखुरा असणार. काठी डाव्या हातात, म्हणून रीळ उजव्या. पण तसं ठामपणे म्हणता येत नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या जुन्या पिढीतले कित्येक उजखुरे लोकही उजव्याच हातानं रीळ फिरवत. ते उजव्या हातानं दोरी फेकत, मासा लागला की काठी डाव्या हातात घेत आणि मग उजव्यानं गुंडाळत. त्यांचं म्हणणं असं की शेकडो फेरे मारायचं काम कसबी हातानं करावं, काठी काय, कुठलाही हात धरतो. आताच्या बहुतेकांचं म्हणणं याच्या नेमकं उलट. जिवंत मासा काठीच्या टोकाला असताना कसबी हात काठीवर हवा, हँडल काय, कुठलाही हात फिरवतो. दोन्ही बाजू गेली कित्येक वर्षं तितक्याच खात्रीनं बोलत आल्या आहेत. खरं सांगायचं तर वीतभर ट्राऊटसाठी दोन्ही मुद्दे फोल आहेत. लहान मासा लागला की बहुतेक लोक रिळाला हातच लावत नाहीत, दोरी बोटांनी ओढून घेतात. रीळ नुसतं लटकत असतं.

तेव्हा हे रीळ डावखुऱ्याचं की जुन्या वळणाच्या उजखुऱ्याचं, ते रीळ सांगत नाही. ते फक्त दिशा सांगतं. मी दिव्याखाली ते फिरवत त्या माणसाच्या खुणा शोधत होतो. हँडलच्या मुठीवरची चमक एका बाजूला अधिक गेलेली. कडेला एक पोचा, दगडावर पडल्याचा. दोरी जिथून बाहेर पडते तिथल्या कड्याला आतून पडलेली बारीक चीर, दोरीनं वर्षानुवर्षं घासून केलेली. विहिरीच्या काठावरच्या दगडाला दोराच्या खाचा पडतात तशी. एवढ्या सगळ्यातून एक माणूस उभा राहतो, पण त्याचा हात कुठला ते मात्र कळत नाही. तुमच्याकडे जुनं रीळ असेल, किंवा रीळ नसेल आणि कुणाची जुनी कात्री असेल, शिवणयंत्र असेल, तर तेही असंच पाहा. जेवढं दिसतं तेवढंच म्हणा. त्यापुढे जायची ओढ होईल. ती ओढही पाहा.

दिशा बदलण्याआधी मी एक केलं आणि तुम्हीही करावं असं सुचवतो. एक दिवस त्या माणसासारखं वागून पाहा. मी रीळ होतं तसंच काठीला लावलं आणि रॅरिटन नदीच्या दक्षिण फाट्यावर गेलो, केन लॉकवूड गॉर्ज नावाची दरी आहे तिथे. मोठाले दगड, त्यांच्यामधून पांढरं होत उतरणारं पाणी, वर हेमलॉकची गडद झाडं. सावली इतकी दाट की एप्रिलमध्येही बोटं बधिर होतात. मासा लागला तेव्हा मी ठरवल्याप्रमाणे काठी उजव्या हातातून डाव्यात घेतली. त्या बदलात एक क्षण येतो जेव्हा काठी कुठल्याच हातात धड नसते. दोरी किंचित सैलावते. मला वाटलं, गेला. गेला नाही. मग उजव्या हातानं हँडल फिरवू लागलो आणि पोटातून एक विचित्र गोष्ट वर आली. उजव्या हाताला ते आवडलं. तो फार छान फिरवत होता, गोल, एकसारखं, न अडखळता. माझा डावा हात इतक्या वर्षांत तसं कधी फिरवू शकलेला नाही. मासा परत सोडून मी दगडावर बसलो आणि त्या अनोळखी माणसाच्या बाजूनं थोडा विचार केला.

तरीही घरी येऊन मी रीळ उलटं करायचं ठरवलंच. सवय मोठी असते.

आता रीळ उघडा. बहुतेक रिळांना मध्यभागी एक कळ असते, ती दाबली की दोरीचा गोल भाग, स्पूल, अलगद सुटून येतो. त्याला ओढू नका, तो स्वतः येतो. बाजूला ठेवा. आत जुनं तेल काळं पडलेलं असेल, वाळूचे दोन कण असतील. कुठल्या नदीची वाळू, हे कुणाला ठाऊक. आधी पुसू नका, नुसतं पाहा.

माझं रीळ इंग्लंडच्या उत्तर टोकाला, नॉर्थंबरलंडमधल्या हार्डींच्या कारखान्यात बनलेलं. गावाचं नाव लिहितात आल्नविक, गावकरी म्हणतात ॲनिक. विल्यम हार्डींनी १८७२ साली तिथे बंदुकांचं दुकान काढलं आणि पुढे भावाच्या साथीनं ते गळ-काठ्यांच्या धंद्यात शिरले. १८९१ साली त्यांनी ‘परफेक्ट’ नावाचं रीळ विकायला काढलं, बॉल बेअरिंगवर फिरणारं. ते उजवं की डावं हे कारखान्यातच ठरलेलं असे. पुढच्या काळात अशी रिळं आली ज्यांची दिशा घरच्या घरी बदलता येते. माझं त्यातलं.

आत पाहा. स्पूलच्या पाठीला एक दातेरी चाक आहे. चौकटीत दोन छोट्या त्रिकोणी खिट्ट्या आहेत, एकेका खुंटीवर बसवलेल्या, आणि त्यांना मागून दाबून धरणाऱ्या पातळ स्प्रिंगा. दोनपैकी एकच खिट्टी चाकाच्या दातांत टोक घालून बसलेली आहे. तिच्यावरून एका दिशेनं दात सहज सरकतात, दुसऱ्या दिशेनं स्प्रिंगशी झगडून. तो कुरकुरीचा आवाज तिचा. दुसरी खिट्टी पाठ फिरवून बसलेली. चाकाला तिचा स्पर्शही नाही.

म्हणजे उजवं आणि डावं, दोन्ही आत आहेत. मला हे वाचून माहीत होतं, तरी प्रत्यक्ष पाहिल्यावर मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. तुम्हीही बसा. कामाची खिट्टी झिजलेली, टोक गोलावलेलं, पितळ उघडं पडल्यासारखं चकचकीत. बिनकामाची काळवंडलेली पण टोकदार, कारखान्यातून आली तशी. दोघी एकाच दिवशी बसवलेल्या असणार. एकीनं कित्येक वर्षांचे मासे झेलले. दुसरी तेवढीच वर्षं तिथेच, बोटभर अंतरावर, पाठ करून.

आपल्या भाषेत डाव्या हाताला फार सोसावं लागलं आहे. डावलणं हा शब्द आपण किती सहज वापरतो. देवाचा कौलही उजवाच मागायचा. डाव्या हाताच्या वाट्याला आलं डावं-उजवं, तेही भेदभावाच्या अर्थानं. पण एक शब्द मला या रिळापाशी बसल्यावर सारखा आठवत राहिला. सव्यापसव्य. आज त्याचा अर्थ उगाच केलेली यातायात. ‘कशाला एवढं सव्यापसव्य, नवीन रीळ घे ना’ असं घरात कुणीतरी म्हणालंही. मुळात मात्र सव्य म्हणजे डावा. जानवं एरवी डाव्या खांद्यावर असतं, ते सव्य. श्राद्धात पितरांना काही द्यायचं असलं की ते उजव्या खांद्यावर घ्यायचं, ते अपसव्य. देवांचं काम आलं की पुन्हा सव्य. वडिलांच्या श्राद्धाच्या वेळी गुरुजी सांगत गेले तसं मी ते इकडून तिकडे करत होतो आणि मनात मोजत होतो की हे कितव्यांदा. तेव्हा वैताग आला होता. आता वाटतं, गेलेल्या माणसाशी व्यवहार करायचा तर आपली रोजची दिशा बदलून उभं राहायचं, ही कल्पना कुणाला सुचली असेल? नदीवर मी एक दिवस उजव्या हातानं रीळ फिरवलं ते हेच होतं, नकळत.

बरं. आता खिट्ट्या.

चिमट्यानं स्प्रिंग जरा मागे ओढा. जोर नको. झिजलेली खिट्टी खुंटीवरून वर उचला, फिरवा, पाठ चाकाकडे करून पुन्हा बसवा. मग दुसरी उचला, तिचं टोक चाकाकडे करा. झालं. काम एवढंच. जेमतेम दोन मिनिटांचं.

सगळ्या रिळांचं असं नसतं. आजकालच्या चकतीच्या ब्रेकवाल्या रिळांत खिट्टीऐवजी एक बेअरिंग असतं, एकाच दिशेला पकडणारं आणि दुसरीकडे मोकळं फिरणारं. ते काढून पालथं घातलं की दिशा बदलते. आवाज नाही, झीज दिसत नाही. ते चांगलं चालतं, त्याबद्दल मला तक्रार नाही. त्याच्यासमोर तासभर बसावंसं वाटत नाही, इतकंच.

खिट्ट्या बदलल्या की लोक उठतात. उठू नका. मी पहिल्यांदा असं रीळ हाताळलं तेव्हा याहूनही पुढचा मूर्खपणा केला होता. वाटलं, हँडल डावीकडे यायला हवं, मग रीळ काठीवर फिरवून बसवलं की झालं. आतलं काही उघडलंच नाही. नदीवर गुंडाळताना रीळ जड लागत होतं, मला वाटलं थंडीनं तेल घट्ट झालं असेल. मग एक बऱ्यापैकी मासा लागला आणि धावला. देताना रीळ अगदी मोकळं होतं. स्पूल भिंगरीसारखं सुटलं, मासा थांबला, स्पूल थांबेना, आणि क्षणात आत सुगरणीच्या घरट्यासारखा गुंता. दोरी तटकन तुटली. त्या माशाच्या तोंडात माझी माशी राहिली, हे मला अजून डाचतं. जे घेताना अडतं आणि देताना आवरत नाही, असं रीळ मी त्याच्यावर सोडलं होतं.

तेव्हा रीळ काठीवर फिरलं की त्याची पुढची बाजू मागे जाते, हे डोळ्यांसमोर आणा. दोरी खालच्या अंगानं, पुढच्या बाजूनं बाहेर पडते. म्हणून दोरीचं कडंही काढून समोरच्या अंगाला बसवायचं. माझ्या रिळाच्या कड्याला दोन बारीक स्क्रू होते. पंचा यासाठीच अंथरला होता. कडं बसवताना चीर पडलेली जागा बोटानं चाचपली. आता दोरी दुसऱ्या अंगानं घासणार, नवी चीर पडायला माझं आयुष्य पुरेल असं वाटत नाही.

स्पूल परत बसवा. कट असा आवाज येतो. हँडलकडे तोंड करून उलट काट्यांच्या दिशेनं फिरवा. मऊ टिकटिक. मग काट्यांच्या दिशेनं.

माझ्या रिळाचा आवाज बदलला होता. आधी तो भरड होता, आता चढा, कोरडा, प्रत्येक दात वेगळा ऐकू येणारा. न झिजलेल्या टोकाचा आवाज. ज्याच्या मोज्यातून हे रीळ निघालं, त्याला कदाचित तो ओळखूही आला नसता.

शेवटचं काम सगळ्यात लांबलचक, आणि मला विचाराल तर हेच खरं मनन. दोरी अजून जुन्या दिशेनं गुंडाळलेली आहे. ती पूर्ण उतरवायची आणि उलटी भरायची. यंत्रानं उतरवू नका. हातानं ओढा. बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून जिन्याखालून परत, खुर्च्यांच्या पायांना वळसे घालत. वर्षानुवर्षं गुंडाळी होऊन पडलेली दोरी जमिनीवर आल्यावरही स्प्रिंगसारखी गोल गोल राहते. ओंजळीत धरून तिला हळू ताणा, वेटोळी थोडी सैल होतात. माझी वरची जाड दोरी वाया गेलेली होती. प्लॅस्टिकच्या थराला बारीक तडे, बोटाला खरखरीत. ती कापून टाकली. खालचं बॅकिंग ठीक होतं. त्याचं टोक दोन्ही हातांत धरून झटका दिला, तुटलं नाही. शंभर वारांच्या आसपास असेल. ते उतरवत गेलो. वरचे थर पिवळट, मातकट. जसजसा आत जाऊ लागलो तसतसा रंग उजळत गेला.

तुम्ही असं काही उतरवत असाल तर मोजू नका. हात जाईल तेवढ्या वेगानं जाऊ द्या. मध्ये फोन वाजला तर वाजू द्या. तुमचं लक्ष दहादा सुटेल, हातातली दोरी त्याला परत आणेल.

अगदी तळाशी, स्पूलच्या दांड्याभोवती, गाठ होती. सरकफासाची, शेपटाला आणखी एक बारकी गाठ मारलेली, नीट, दातांनी कापल्यासारखं टोक. कात्री हाताशी होती. मी कात्री बाजूला ठेवून सुईनं ती गाठ सोडवत बसलो, बाहेर अंधार पडला तरी. ती सुटली तेव्हा दोरीला तिचा आकार तसाच राहिला, छोटा वळसा.

मग भरायला घेतलं. आधी बाहेर होतं ते पिवळट टोक दांड्याला बांधलं आणि डाव्या हातानं फिरवू लागलो. एका फेऱ्याला जेमतेम वीतभर दोरी. डावा हात अडखळत होता, नेहमीसारखा. डाव्या बोटांनी हँडल, उजव्या चिमटीत दोरी ताठ धरलेली, थर एकावर एक सपाट बसेल अशी. मळका भाग आत गेला. खुर्च्यांचे पाय एकेक मोकळे होत गेले. सगळ्यात शेवटी, सगळ्यात वर, तो पांढरा भाग आला, जो इतकी वर्षं तळाशी होता आणि बहुधा कधीच पाण्याला लागला नव्हता. त्याच्या टोकाशी ती सोडवलेली गाठ अजून वळसा धरून होती. नवी दोरी मी तिथेच जोडली.